गणिताचा तास आणि हिंगण्याची वाट

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव घेतले की हिंगण्याचा आश्रम, विधवांचे शिक्षण आणि महिला विद्यापीठ ही तीन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या गृहस्थांनी ही कामे केली त्यांचा पोटापाण्याचा उद्योग तेवीस वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्याचा होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. चरित्रकारही ती एका ओळीत सांगून पुढे जातात. मी स्वतः शाळेतील मुलांना बीजगणित आणि भूमिती शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविली असल्यामुळे मला मात्र त्या ओळीपाशी थांबावेसे वाटते. अण्णासाहेबांची चिकाटी जगजाहीर आहे आणि त्यांचा वेळेचा हिशेबही. ही दोन्ही त्यांना जन्मतः मिळाली असे लोक समजतात. माझी समजूत निराळी आहे. ती त्यांनी कमावली, आणि त्यातला मोठा वाटा गणिताच्या अभ्यासाचा होता.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घर दापोली तालुक्यातील मुरुडचे. आपण बडोदेकरांनी त्या घराण्याची एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. एके काळी कर्व्यांकडे इतकी सुबत्ता होती की त्यांच्या पूर्वजांनी गायकवाड सरकारास मोठाली कर्जे दिली होती. पुढे ते वैभव ओसरले आणि धोंडोपंतांच्या लहानपणी घरात ओढग्रस्तच होती. अशा वेळी बडोद्यास ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाणार अशी वार्ता कोकणात पोहोचली. बरोबरीची मंडळी निघाली तेव्हा या मुलांनाही जावेसे वाटले. आईने साफ नाही म्हटले. ज्यांना आपल्या वाडवडिलांनी कर्ज दिले त्यांच्या दारी हात पसरायचा नाही, असा तिचा बाणा होता. हातात काही नसताना हिशेब चोख ठेवण्याचा हा पहिला धडा, आणि तो शाळेबाहेरचा.

शाळा मुरुडची मराठी. विनायक लक्ष्मण सोमण हे तेथील शिक्षक मुलांना पुस्तकापलीकडे नेणारे होते. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा उतरलेल्या मुलास सरकारी खात्यात चाकरी मिळू शके, म्हणून कोकणातल्या गरीब घरांत या परीक्षेला मोठी किंमत होती. १८७५ साली धोंडोपंत परीक्षेस बसण्यास निघाले. पावसाळ्यामुळे समुद्रावाटे मुंबई गाठणे शक्य नव्हते. उरले सातारा. तेव्हा चार सोबती घेऊन मुरुडहून कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट या मुलाने पायी तुडविली. नदीनाले भरलेले, अंगावर पाऊस, आणि परीक्षेचा दिवस ठरलेला. इतके करून साताऱ्यास पोहोचल्यावर अधिकाऱ्यांनी मुलाकडे पाहिले व हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरे झालेले होते, पण देह लहानखुरा. जसे आले तसेच त्यांना परत जावे लागले.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून इतकी सांगितली गेली आहे की तिची धार बोथट झाली आहे. मला त्या जाण्यापेक्षा परतीच्या वाटेचे नवल वाटते. जाताना माणसाला आशा चालविते. येताना तोच घाट, तेच ओढे, आणि पदरी काही नाही. आणि तरीही पुढल्या वर्षी ते कोल्हापुरास जाऊन त्याच परीक्षेस बसले आणि उतरले.

यापुढचा भाग चरित्रांतून घाईने उरकला जातो, पण माझ्या मते खरी कसोटी येथे लागली. मराठी शिक्षण पुरे झालेला, लग्न झालेला हा तरुण इंग्रजीच्या मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात करतो. रत्नागिरीच्या हायस्कुलात गेले तर प्रकृती साथ देईना, परत यावे लागले. पुढे मुंबईस रॉबर्ट मनी स्कूल. आजूबाजूला आपल्याहून कितीतरी लहान मुले. गणिताच्या तासाला याची काय अवस्था होत असेल याचा अंदाज मला आहे, कारण मराठी शाळेतून उशिरा आलेली मोठी मुले मी वर्गात पाहिली आहेत. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. परंतु उदाहरण इंग्रजीत घातलेले, सिद्धता इंग्रजीत लिहावयाची. डोक्यात उत्तर तयार असते आणि ते मांडण्यास शब्द नसतात. अशा मुलापुढे दोनच मार्ग असतात. एक तर रुसून विषय सोडावयाचा, नाहीतर रोज थोडे थोडे करून भाषेला गणिताच्या बरोबरीस आणावयाचे. धोंडोपंतांनी दुसरा मार्ग धरला. १८८१ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा वय होते तेवीस.

कॉलेजचे पहिले वर्ष विल्सनमध्ये आणि पुढे एल्फिन्स्टन. बी. ए. साठी त्यांनी ऐच्छिक विषय घेतला तो गणित. तेथे त्यांच्याबरोबर गोपाळ कृष्ण गोखले होते. १८८४ साली दोघेही बी. ए. झाले. गोखल्यांचे वय अठरा, कर्व्यांचे सव्वीस. कर्व्यांच्या घरी दोन वर्षांचा मुलगाही होता. ही दोन वये शेजारी शेजारी मांडली म्हणजे त्या वर्गात बसणे किती अवघड असेल हे वेगळे सांगावयास नको. शेजारचा तरुण एकदा वाचून जे डोक्यात साठवितो ते आपण तीनदा वाचावयाचे, आणि त्या तीन वेळा वाचण्यासाठी लागणारा वेळ शिकवण्या करून पोट भरण्याच्या वेळातून काढावयाचा. कर्वे बुद्धीने मंद मुळीच नव्हते. पण ते विजेसारखे चमकणाऱ्यांपैकीही नव्हते, आणि ते त्यांना पुरते ठाऊक होते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या जाणिवेत आहे.

गणिताचा अवघड वर्ग माणसाला काय शिकवितो? इतिहासाचे पान एकदा वाचले की निदान काहीतरी हाती लागते. भूमितीचा एखादा प्रश्न दोन तास समोर धरून बसले तरी हाती शून्य राहू शकते. असे शून्य पदरी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच प्रश्नापाशी बसण्याची सवय एकदा लागली की पुढे संसारातील पुष्कळ नकार पचतात. दुसरे असे की परीक्षेच्या तीन तासांत एकाच उदाहरणाच्या नादी लागले तर बाकीची बुडतात. कोठे थांबावे, काय बाजूस ठेवावे आणि परत कधी हाती घ्यावे, हे घड्याळाकडे पाहून ठरवावे लागते. चांगली हुशार मुलेही येथे फसतात. आणि ज्याला मुळातच वेळ कमी मिळतो तो हे लवकर शिकतो.

मुंबईतील पुढची सहासात वर्षे म्हणजे या शिकवणीचा रोजचा सराव. पहाटे अंधारात उठून शिकवण्यांना प्रारंभ, मग एका शाळेतून दुसऱ्या शाळेत. मुलींच्या इंग्रजी शाळांत त्यांनी गणित शिकविले, मराठा हायस्कुलातही शिकविले. एका ठिकाणचा तास संपला की दुसरीकडे पायी जावयाचे. मिळकतीतील रुपयामागे ठराविक भाग धर्मकार्यासाठी बाजूला काढण्याचा नेमही त्याच काळातला. वेळ आणि पैसा या दोहोंचीही वही त्यांनी सारखीच नीट ठेवली.

याच घरात कोकणातून एक हुशार मुलगा शिकावयास आला. नात्यातला, मुर्डीचा. नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. अण्णासाहेबांनी त्याला मुंबईस आणून आपल्या देखरेखीखाली ठेवले. हा मुलगा पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य. साऱ्या महाराष्ट्राने तेव्हा आनंद साजरा केला. ज्यांनी त्याला हाताशी धरले ते गणिताचे शिक्षक त्या वर्षी प्लेगने हैराण झालेल्या पुण्यात मूठभर विधवांना घेऊन बसले होते, आणि त्यांना कोठे न्यावे या विवंचनेत होते.

पण मी थोडा पुढे गेलो. १८९१ साल अण्णासाहेबांच्या आयुष्यात दोन गोष्टी घेऊन आले. पत्नी राधाबाई वारल्या, आणि पुण्याहून गोखल्यांचे बोलावणे आले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसनमध्ये गणिताला माणूस हवा होता. टिळकांच्या जागी गणित शिकविणे ही काही लहान गोष्ट नव्हे. टिळक उदाहरणे पुष्कळदा तोंडीच सोडवीत आणि मधल्या पायऱ्या ओलांडून जात, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी नमूद करून ठेवले आहे. हुशार मुलांना ती मेजवानीच. इतरांची मात्र तारांबळ. कर्व्यांकडे वक्तृत्व नव्हते, भारदस्त शरीर नव्हते, दरारा नव्हता. त्यांच्याकडे पायऱ्या होत्या. जो स्वतः एकेक पायरी चढून आला आहे त्याला पायरीची किंमत कळते. नोव्हेंबर १८९१ मध्ये ते रुजू झाले, लवकरच आजीव सभासद झाले आणि १९१४ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. आजीव सभासदास पगार बेताचाच, आणि वीस वर्षे सेवेची बांधिलकी.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मित्र नरहरपंत जोशी यांची ही बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. लग्नानंतर नाव आनंदीबाई. पुढे सारे त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले. आपल्या जुन्या घरांतून अशा बहिष्काराच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत, तेव्हा त्याची झळ कशी असते हे येथे विस्ताराने लिहीत नाही. गावी गेल्यावर म्हाताऱ्या आईला उघडपणे भेटणेही कठीण झाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. प्रथम आश्रम पुण्यातच होता. प्लेगाच्या धामधुमीत रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास जागा दिली. तेथे झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. हिंगणे तेव्हा पुण्यापासून चारएक मैलांवरचे माळरान. धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास, संध्याकाळी हिंगण्यास पायी. जाताना खांद्याहातांत आश्रमाला लागणारे सामान. रात्री मुक्काम, मुलींच्या अडीअडचणी, आणि सकाळी पुन्हा चालत पुण्यास.

येथे माझ्यातला गणित मास्तर स्वस्थ बसत नाही. चार मैल जाणे आणि चार मैल येणे, म्हणजे दिवसाला आठ मैल. चिखलातून चालताना माणूस तासाला तीन मैलांहून जास्त काटत नाही. म्हणजे दिवसाचे जवळजवळ पावणेतीन तास केवळ वाटेत. वर्षातील दोनशे दिवस जरी धरले तरी सोळाशे मैल झाले. मुरुडहून साताऱ्यास सात वेळा जाऊन परत यावे इतके! हा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. आणि ज्याचे वाटेत पावणेतीन तास जातात तो कॉलेजातील तासाला उशिरा पोहोचला अशी तक्रार कोठे आढळत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे साधले ते अंगातील बळाने नव्हे. दिवसाचे तुकडे कसे पाडावे आणि कोणता तुकडा कोणाच्या मालकीचा, हे त्यांनी पक्के ठरवून टाकलेले असे. कॉलेजचा तास कॉलेजचा. त्यात आश्रम यावयाचा नाही.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. दिवसाचे सगळे तास असे वाटून दिल्यावर घरासाठी काय उरले? अण्णासाहेबांच्या गौरवात हा प्रश्न लोक टाळतात. बाया कर्व्यांनी तो टाळला नाही. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे की नवऱ्याच्या लोकसेवेची किंमत घरात कोण मोजत होते. शिल्लक आश्रमाला, विम्याची पॉलिसीही आश्रमाला. मुलांच्या पुढच्या शिक्षणाची तरतूद काय, असे बाईंनी विचारले तर त्यात त्यांचे काय चुकले? त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, घरी माणसे ठेवून त्यांचे केले, आणि संसार ओढला. मी अण्णासाहेबांचा भक्त आहे, तरीही मला वाटते की त्यांच्या वहीत ही एक रक्कम नेहमी कमी मांडली गेली. त्या वहीचा ताळा जुळला तो बाईंनी स्वतःच्या खर्चाने जुळविला म्हणून. त्याचप्रमाणे आश्रमाचा दिवसभराचा भार बाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी वाहिला नसता तर संध्याकाळची ती पायपीट व्यर्थ गेली असती.

थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनीही वडिलांचाच विषय घेतला आणि ते गणिताचे प्राध्यापक झाले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ साली प्राध्यापकी सोडावी लागली. बापाची चिकाटी लेकात उतरली, पण समाजाने बापाला अखेरीस जो मान दिला तो लेकाला त्याच्या हयातीत दिला नाही. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुढची कामे वाचकांच्या परिचयाची आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्म मठ. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढ्याशा संख्येवर विद्यापीठ काढणाऱ्याला लोक हसले नसते तरच नवल. पण अण्णासाहेबांना लहान संख्यांची भीती कधीच वाटली नाही. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास लागले.

१९२९ साली एकाहत्तराव्या वर्षी ते जगाच्या प्रवासास निघाले. ठिकठिकाणी आपल्या संस्थेची माहिती सांगावयाची आणि मदत मिळवावयाची. या दौऱ्यात बर्लिनला त्यांची आणि आइन्स्टाइन यांची भेट झाली. या भेटीचे मला फार कौतुक वाटते. एक विश्वाच्या रचनेचे गणित नव्याने मांडणारा, आणि दुसरा साऱ्या जन्मात एकही नवे प्रमेय न मांडलेला कॉलेजातील निवृत्त मास्तर. त्याने गणित वापरले ते दिवसाचे तास आणि वर्गणीचे आणे जुळविण्यासाठी.

१९३६ साली ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी आणखी एक मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही तेथे शाळा काढावयाच्या. वय अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाचे संस्थापक, पण पुण्याच्या पेठांतून दारोदार जाऊन आणे-पैसे गोळा करू लागले. स्वतःच्या पेन्शनीतून वाटा देत होतेच. जिना चढावयाचा, दार वाजवावयाचे, मिळेल ते घ्यावयाचे, वहीत टिपावयाचे, पुढच्या दाराकडे वळावयाचे. १९४४ साली समता संघ काढला तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते.

बाया कर्वे १९५० साली गेल्या. अण्णासाहेबांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या वयाला शंभर वर्षे पुरी झाली. मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर सत्कार झाला, पंडित नेहरू हजर होते. हयातीत ज्यांच्या नावाचे टपाल तिकीट भारत सरकारने काढले असे ते पहिलेच गृहस्थ. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात, त्यांचा अंत झाला.

हिंगण्याचे माळरान आज पुणे शहरात पार मिसळून गेले आहे. त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याला कर्वे रस्ता. दिवसभर तेथे वाहनांची रीघ असते आणि संध्याकाळी तर इतकी दाटी होते की पुष्कळदा पायी जाणारा पुढे निघून जातो.